‘सभागृहात’ हा एक शब्द : नववीच्या वर्गाच्या नाट्य महोत्सव भेटीचे प्रकरण

डिसेंबर महिन्यात, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, पूर्व नागपुरातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेने इयत्ता नववीच्या ४६ विद्यार्थ्यांना सिव्हिल लाइन्समधील एका सभागृहात नाटक पाहण्यासाठी नेले. शहरात त्या आठवड्यात चार दिवसांचा नाट्य महोत्सव होता आणि त्यातील एक दुपारचा प्रयोग वर्गासाठी निवडला होता. पहिल्या अंकात विद्यार्थी गंभीर प्रसंगी हसले, त्यांच्यापैकी एक जण रंगमंचावरील पात्राशी मोठ्याने बोलला आणि मध्यंतरात संयोजकांनी वर्गाला बाहेर नेण्याची सूचना केली. मी त्या वर्गाचा मराठीचा शिक्षक आणि या भेटीचा प्रमुख होतो. घटना छोटी आहे, कोणाला इजा झाली नाही, कोणी हरवले नाही. तरीही तिची नोंद सविस्तर करावीशी वाटते, कारण त्या दिवशी जे बिघडले त्याचे मूळ सभागृहात नव्हते, आठवडाभर आधी वर्गात मी विचारलेल्या एका प्रश्नात होते.

शाळा आणि निवड

आमची शाळा भंडारा रोडच्या बाजूला आहे. विद्यार्थ्यांचे पालक कळमना बाजारात हमाली करतात, ऑटो चालवतात, घरकाम करतात किंवा छोटी दुकाने चालवतात. यातील बरीच कुटुंबे गेल्या दहा-पंधरा वर्षांत भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतून कामासाठी नागपुरात आलेली आहेत, आणि काही थोडी अमरावती-अकोल्याकडची आहेत. ही माहिती शाळेच्या प्रवेश नोंदवहीत होती. ती नाटकाशी संबंधित असू शकते हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

नागपुरात नाटक पाहायचे तर जागांची वाण नाही. लक्ष्मीनगरातील सायंटिफिक सोसायटीचे सभागृह आहे, सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत २०१७ मध्ये सुरू झालेले कविवर्य सुरेश भट सभागृह आहे. याच शहरात २०१९ च्या फेब्रुवारीत प्रेमानंद गज्वी यांच्या अध्यक्षतेखाली ९९ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन झाले. अडचण जागेची नसते, वेळेची असते. हौशी नाटकांचे बहुतेक प्रयोग संध्याकाळी सुरू होतात आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतील मुलींना रात्री दहा वाजता घरी पोहोचवण्याची जबाबदारी कोणतीही शाळा सहजासहजी घेत नाही. महोत्सवातील एक प्रयोग दुपारी साडेतीनला आहे आणि विद्यार्थ्यांना सवलतीत प्रवेश आहे असे कळले, तेव्हा निवडीचा प्रश्नच उरला नाही. खरे सांगायचे तर आम्ही नाटक निवडले नाही, वेळ निवडली. नाटकाविषयी मला एवढेच ठाऊक होते की ते दोन अंकी आहे, पश्चिम विदर्भातील एका शेतकरी कुटुंबाचे आहे आणि त्यात मुलांना दाखवू नये असे काही नाही.

मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न उपयोगाविषयी होता. ते गणिताचे शिक्षक आहेत आणि एका दुपारच्या चार तासिका कशासाठी सोडायच्या याचा हिशेब त्यांना हवा असतो, जो मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. मी त्यांना महेश एलकुंचवारांची गोष्ट सांगितली. १९६५ मध्ये सिनेमाचे तिकीट मिळाले नाही म्हणून ते विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो मी हरलो’ हे नाटक पाहायला गेले, विजया मेहता यांनी बसवलेला तो प्रयोग त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला आणि आपण नाटककार व्हायचे असे ठरवले. पुढे याच माणसाने ‘वाडा चिरेबंदी’ लिहिले. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, ते तिकीट न मिळाल्यामुळे गेले होते. तुम्ही तर तिकीट काढून नेणार आहात.” परवानगी मात्र त्यांनी दिली.

पुढची तयारी प्रत्येक शाळेत होते तशीच झाली. शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे परवानगीचा अर्ज गेला, पालकांची संमतिपत्रे आली, प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे असे ठरवून माझ्यासह चार शिक्षक आणि शाळेतील मावशी असे पाच जण निश्चित झाले. बसचा विचार आम्ही सोडून दिला, कारण अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनाच्या परिसरात मोर्चे अडवण्यासाठी पोलिसांचे कठडे लागतात आणि सिव्हिल लाइन्सकडे जाणारा कोणता रस्ता किती वाजता बंद होईल हे वाहतूक पोलीससुद्धा खात्रीने सांगू शकत नाहीत. १९५३ च्या नागपूर कराराने शहराला दरवर्षी एक अधिवेशन दिले, त्यासोबत ही दरवर्षीची वाहतूक कोंडीही दिली. त्यापेक्षा प्रजापतीनगरहून मेट्रो घ्यावी, सीताबर्डीला गाडी बदलावी आणि कस्तुरचंद पार्क स्थानकावरून पायी जावे, असे ठरले. डिसेंबर २०२२ मध्ये प्रजापतीनगरची मार्गिका सुरू झाल्यापासून आमच्या भागातील मुलांना शहराचे दुसरे टोक पहिल्यांदाच असे सरळ जोडले गेले आहे. प्रवास उत्तम झाला आणि त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आठवडाभर आधीचा प्रश्न

भेटीच्या आधीच्या आठवड्यात मी एक पूर्ण तासिका तयारीसाठी घेतली. सुरुवातीला विचारले, “सभागृहात जाऊन नाटक किती जणांनी पाहिले आहे?” तीन हात वर झाले. त्यातही एका मुलीने शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटिका सांगितली, म्हणून मी ती वजा केली. दोन हातांवरून मी असा निष्कर्ष काढला की उरलेले ४४ विद्यार्थी आयुष्यात पहिल्यांदा नाटक पाहणार आहेत, आणि संपूर्ण तासिका त्या निष्कर्षावर उभी केली.

तीन घंटा कशासाठी असतात, तिसरी घंटा झाल्यावर जागेवरून उठायचे नसते, अंधार झाल्यावर मोबाइलचा उजेड किती लांबून दिसतो, विंग म्हणजे काय, नेपथ्य आणि प्रकाशयोजना म्हणजे काय, टाळ्या केव्हा वाजवायच्या, हे सर्व मी सांगितले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन का मानतात हे सांगताना विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत केलेल्या ‘सीतास्वयंवर’चा उल्लेख केला. कथानक मुद्दाम सांगितले नाही, कारण उत्सुकता टिकावी असे वाटले. आज त्या तासिकेची टिपणे पुन्हा वाचताना लक्षात येते की त्यातील तीन चतुर्थांश वाक्ये नकारार्थी आहेत. हलू नका, बोलू नका, खाऊ नका, उठू नका. नाटक पाहणे म्हणजे काय करणे हे मी सांगितलेच नव्हते. काय काय करायचे नाही तेवढे सांगितले होते.

पहिला अंक

आम्हाला मधल्या रांगांमध्ये जागा मिळाल्या. सभागृह साधारण दोन तृतीयांश भरलेले होते आणि आमच्याखेरीज बहुतेक प्रेक्षक नाटकवेडे, वयस्क, एकमेकांना ओळखणारे असे होते. तिसरी घंटा झाली, अंधार झाला आणि माझा वर्ग इतका शांत झाला की मला स्वतःचे कौतुक वाटले. ते कौतुक दोन मिनिटे टिकले.

पडदा उघडला तेव्हा स्वयंपाकघरात एक बाई भाकरी थापत होती. तिने मागे न वळता मुलाला म्हटले, “मले काही पुसू नको.” वर्ग हसला. मोठ्याने नव्हे, पण ४६ जण एकाच वेळी हसले की तो आवाज सभागृहात लपत नाही. नाटकातील बाई रागावलेली होती, दृश्यात विनोद नव्हता. पुढच्या दहा मिनिटांत प्रत्येक ‘मले’ आणि ‘तुले’ला, प्रत्येक ‘कायले’ला तसेच घडले. समोरच्या रांगेतून शुक्-शुक् सुरू झाले. मी रांगेच्या टोकाला बसून मुलांकडे डोळे वटारून पाहत होतो, जे अंधारात कोणालाही दिसत नव्हते.

हळूहळू हसणे कमी झाले आणि कथेने मुलांना धरले. घरातला मोठा मुलगा शेवटचे दोन एकर वावर विकायला निघालेला आहे, व्यवहार ठरला आहे, आणि स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या बापापासून ते लपवले जात आहे. अंकाच्या शेवटी म्हातारा ओसरीवर येतो. बैल कधीचाच विकलेला आहे, पण त्याला ते आठवत नाही. तो विचारतो, “माहा बैल कोठी बांधला रे?” मुलगा उत्तर देत नाही. पुढे बराच वेळ रंगमंचावर कोणी बोलत नाही. दिग्दर्शकाने तिथे मोठी शांतता ठेवलेली होती आणि संपूर्ण अंक त्या शांततेसाठी रचलेला होता हे कोणालाही कळावे.

त्या शांततेत आमच्या चौथ्या रांगेतून आवाज आला, “इकू नोको, बा!”

तो आवाज गमतीचा नव्हता. मोठा, स्पष्ट आणि कळवळ्याचा होता. आधी कोणी तरी हसले, मग कोणी तरी “अरे बाहेर काढा याला” असे म्हणाले. मुलाची भूमिका करणारा नट क्षणभर प्रेक्षकांकडे वळला आणि लगेच सावरला. दोन-तीन वाक्यांनंतर पडदा पडला. दिवे लागले तेव्हा सभागृहातील अर्धी माणसे आमच्याकडे वळून पाहत होती.

मध्यंतराची पंधरा मिनिटे

या प्रकरणातील सर्व निर्णय या पंधरा मिनिटांत घेतले गेले, म्हणून ती जरा संथपणे सांगतो.

पहिली तीन मिनिटे मी रागात घालवली. ओरडणारा मुलगा कोण हे मला आवाजावरूनच कळले होते. तो त्याच वर्षी जूनमध्ये लाखांदूर तालुक्यातून आमच्याकडे आला होता, वर्गात फारसा बोलत नसे आणि बोलला तर मुले त्याच्या बोलण्याची नक्कल करीत. मी त्याला रांगेतून बाहेर बोलावले, पुढच्या अंकात माझ्या शेजारी बसायचे असे सुनावले आणि तो का बोलला हे विचारले नाही. त्याला विचारणे मला सुचलेच नाही. शिस्तभंगाला कारण असते, पण ते शोधायची घाई शिक्षकाला नसते.

तेवढ्यात महोत्सवाचे एक संयोजक आले. ते सभ्यपणे बोलले, पण स्पष्ट बोलले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी तक्रार केली होती, कलावंत मंडळी नाराज होती, आणि शाळेने शक्यतो दुसऱ्या अंकाला थांबू नये किंवा थांबायचेच असेल तर सर्वांत मागच्या रांगांत बसावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची बाजू चुकीची नव्हती. ज्या प्रेक्षकाने कामातून वेळ काढून, पैसे देऊन तो प्रयोग पाहायला घेतला होता, त्याच्या पहिल्या अंकातला सर्वांत महत्त्वाचा क्षण आमच्यामुळे गेला होता, आणि तो परत देता येण्यासारखा नव्हता.

आमच्यासमोर तीन मार्ग होते. निघून जाणे हा सर्वांत सोपा होता. मेट्रो हाताशी होती, अंधार पडण्याआधी मुले घरी पोहोचली असती आणि क्रीडाशिक्षिका मॅडमचे मत तेच होते. डिसेंबरात साडेपाचलाच अंधारून येते, हा त्यांचा मुद्दा निव्वळ सोयीचा नव्हता. दुसरा मार्ग असा की वर्ग थांबेल आणि त्या एका मुलाला घेऊन एक शिक्षक बाहेर बसेल. तो मला त्या क्षणी योग्य वाटला होता, हे लिहून ठेवणे भाग आहे. तिसरा मागच्या रांगांत जाण्याचा.

निर्णय बदलला तो गणिताच्या सहकाऱ्यांमुळे. आम्ही मॅडमशी बोलत असताना त्यांनी त्या मुलाला पाण्याच्या नळाजवळ गाठले आणि साधेपणाने विचारले, “मध्येच का बोललास रे?” तो म्हणाला, “सर, आमच्याकडे त बोलतेत ना.” कुठे, असे विचारल्यावर त्याने सांगितले की वडशाच्या कंपन्यांची नाटके त्यांच्या गावी दर हिवाळ्यात येतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, वेळी तर एका रात्री दोन-दोन असतात, आणि तिथे म्हातारा बाप फसतो तेव्हा लोक ओरडून सांगतातच. त्याने आजवर किती नाटके पाहिली असतील असे सहकाऱ्यांनी विचारले. त्याने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

सहकारी ते मला येऊन सांगेपर्यंत मध्यंतराची सहा-सात मिनिटे उरली होती. मला जे वाटले त्याला शरम हाच शब्द आहे. माझ्या वर्गातील सर्वांत अनुभवी प्रेक्षकाला मी अडाणी प्रेक्षक म्हणून रांगेबाहेर काढले होते.

मी वर्गाला जिन्याजवळ गोळा केले. रागवायला वेळ नव्हता आणि आता मनही नव्हते. मी विचारले, “सुरुवातीला हसू का आले?” कोणी बोलेना. मग मी जरा शहाणपणाने विचारले, “घरी आजी असेच बोलते ना? तेव्हा हसता का?” एका मुलीने लगेच उत्तर दिले, “घरी नाही हासत, सर. पण टीव्हीत असा बोलणारा म्हणजे कॉमेडीच राहते.” आणखी एका मुलाने हळूच पुस्ती जोडली, “आणि तुम्ही पेपरात ‘मले’ला लाल गोल करता.”

या दुसऱ्या वाक्यावर कोणी हसले नाही. मीही काही बोललो नाही. पहिली घंटा झाली तेव्हा मी संयोजकांना सांगितले की आम्ही शेवटच्या दोन रांगांत बसू आणि पुन्हा आवाज आला तर मी स्वतः वर्ग घेऊन निघेन. ते तयार झाले.

दुसरा अंक आणि नंतरची पाच मिनिटे

दुसरा अंक शांततेत पार पडला. वर्ग दोनदा हसला आणि दोन्ही वेळा सारे सभागृह हसले. व्यवहार पूर्ण होतो, म्हाताऱ्याला कोणी सांगत नाही, आणि अगदी शेवटी तो विकलेल्या वावरात बियाणे घेऊन निघतो. लाखांदूरचा मुलगा माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. तो एकदाही बोलला नाही, आणि त्या शेवटच्या प्रसंगात त्याने माझ्याकडे एकदा पाहून घेतले, बोलायची परवानगी नाही हे पक्के करून घ्यावे तसे. शिस्तीच्या दृष्टीने दुसरा अंक यशस्वी झाला. त्या नजरेमुळे मला तो तसा म्हणवत नाही.

प्रयोगानंतर मी त्याला घेऊन मागच्या दाराशी गेलो. म्हाताऱ्याची भूमिका करणारे ज्येष्ठ नट रंगभूषा अर्धी पुसून चहा घेत उभे होते. ते मुलाची पाठ थोपटतील आणि सर्व काही गोड होईल अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले नाही. त्यांनी मुलाचे ऐकून घेतले आणि सांगितले की त्या शांततेत त्यांचे पुढचे वाक्य तयार होत असते, आवाज आल्यावर ते वाक्य दोन क्षण सापडले नाही आणि त्यानंतर प्रसंग हातातून गेला तो गेलाच. झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या त्या रात्रीच्या नाटकांतले, नट थांबू शकतात, कारण तिथे प्रेक्षक बोलणार हे नटाने धरलेले असते. आम्ही ते धरलेले नसते, असे ते म्हणाले. मग मुलाला विचारले की त्या रात्रीच्या नाटकांत आवाज मागेपर्यंत कसा जातो. त्याने वर टांगलेल्या माईकबद्दल सांगितले. दोघे दोन-तीन मिनिटे माईकवरच बोलत राहिले, आणि मला वाटते की त्या दिवशी नाटकाविषयी नीट झालेले बोलणे तेवढेच होते.

काय घडले, याचा विचार

पहिली गोष्ट, हसण्याची. मुलांना प्रसंग कळला नाही म्हणून ती हसली, असे शेजारच्या प्रेक्षकांना वाटले असणार. प्रत्यक्षात त्यांना शब्द फार चांगले कळत होते. आमच्या वर्गात प्रमाण मराठीत ‘डोळा’ लिहिणारी मुले घरी ‘डोया’ म्हणतात, आणि झाडीकडून आलेली ‘डोरा’ म्हणतात. ही बोली त्यांनी आजवर फक्त दोन ठिकाणी सार्वजनिक झालेली पाहिली होती: दूरचित्रवाणीवरील आणि मोबाइलवरील विनोदी कार्यक्रमांत, आणि त्यांच्याच वहीत, चूक म्हणून. दिव्यांच्या झोतात, तिकीट लावलेल्या नाटकात, एक रागावलेली बाई तीच भाषा गंभीरपणे बोलते तेव्हा त्यांना दुसरे काय करावे हे ठाऊक नव्हते. यात विनोदी कार्यक्रमांचा वाटा मोठा आहे, पण लाल शाईचा वाटा माझा आहे. परीक्षेत प्रमाण भाषा लागते हे खरे, आणि ती शिकवणे मी थांबवणार नाही. तथापि एखादा शब्द दुरुस्त करणे आणि तो हास्यास्पद आहे असे न बोलता शिकवणे यांतील अंतर मी वर्षानुवर्षे पाळलेले नाही.

दुसरी गोष्ट, बोलण्याची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. झाडीपट्टी रंगभूमी ही पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत चालणारी व्यावसायिक रंगभूमी आहे. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिच्या नाट्यमंडळांचे केंद्र आहे. धानाची कापणी आणि दिवाळी झाल्यावर हंगाम सुरू होतो, गावोगावच्या मंडई आणि शंकरपट यांना जोडून प्रयोग लागतात, आणि रात्री जेवणानंतर सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. शेतात उभारलेल्या मंडपात लोक कुटुंबासह येतात, लहान मुले मांडीवर झोपतात, आणि पात्रांशी प्रेक्षकांचे बोलणे चालू असते. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सर्व मला ठाऊक होते. वर्तमानपत्रात वाचलेले होते, एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यावर बोललोही होतो. तिथला प्रेक्षक माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो हे मात्र मला ठाऊक नव्हते.

सभागृहातील शांतता हीच नाटक पाहण्याची मूळ रीत आहे असे मी गृहीत धरले होते. मराठी रंगभूमीचाच इतिहास तसे सांगत नाही. संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षक ‘वन्स मोअर’ची आरोळी देत आणि तेच पद नट पुन्हा गात असे, कथानक तेवढा वेळ थांबून राही आणि कोणाला त्यात असभ्यता दिसत नसे. शांतता ही एका प्रकारच्या नाटकाची गरज आहे, जसे बोलणे ही दुसऱ्या प्रकारची. त्या ज्येष्ठ नटांची तक्रार म्हणूनच रास्त आहे आणि मुलाचे वागणेही समजण्यासारखे आहे. दोघांनाही ते आधी सांगणे हे माझे काम होते, आणि मी तीन घंटांचा अर्थ सांगत बसलो होतो.

इथे पुन्हा त्या प्रश्नाकडे यावे लागते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो वेगळ्या शब्दांत विचारला: “नाटक, दंडार, खडी गंमत, जलसा, गणपतीतले किंवा जयंतीतले नाटक, कुठेही, मैदानात, शेतात, चौकात, कोणी कोणी पाहिले आहे?” अर्ध्याहून अधिक वर्गाचे हात वर गेले. एका मुलीचे आजोबा दंडारीत काम करीत असत. दोन मुलांच्या वस्तीत दरवर्षी आंबेडकर जयंतीला जलसा होतो आणि त्यातील एक जण त्यात ढोलकीवर बसलेला आहे. पहिल्यांदा विचारताना ‘सभागृहात’ हा एक शब्द मी जोडला नसता तर हे सर्व आठवडाभर आधी कळले असते, आणि तयारीची तासिका मी घेण्याऐवजी त्यांनी घेतली असती.

आम्ही थांबलो ते बरोबर होते का, यावर मॅडमचे आणि माझे अजून एकमत नाही. त्यांचे म्हणणे असे की आपल्या चुकीची किंमत दुसऱ्या प्रेक्षकांनी का द्यावी. दुसऱ्या अंकात पुन्हा आवाज झाला असता तर आपण काय तोंड दाखवले असते. या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही, आवाज झाला नाही एवढेच आहे. मात्र एका मुद्द्यावर आम्ही दोघे सहमत आहोत: त्या मुलाला एकट्याला बाहेर बसवले असते तर तो पुन्हा कधी कोणत्या सभागृहात गेला नसता, आणि कदाचित वर्गातही बोलला नसता.

पुढील वर्षीसाठी काही बदल ठरले आहेत. नाटकाची संहिता किंवा निदान काही पाने संबंधित संस्थेकडून आधी मागवून ती वर्गात मोठ्याने वाचायची, ज्या बोलीत आहेत त्या बोलीतच, आणि ज्या मुलांची ती बोली आहे त्यांनी वाचायची. संमतिपत्रात आतापर्यंत प्रवास, औषधे आणि डबा यांचा उल्लेख असे. त्यात नाटक कशाविषयी आहे हे दोन ओळींत लिहायचे. संयोजकांना शाळा येणार असल्याचे आधी कळवायचे आणि जागा मागून घ्यायच्या. यातील कोणत्याही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

अहवाल

भेटीनंतर शाळेत एक छापील नमुना भरावा लागतो. त्यात विद्यार्थिसंख्या, वेळ, खर्च यांचे रकाने आहेत आणि शेवटी ‘अनुचित प्रकार घडला असल्यास विद्यार्थ्याच्या नावासह तपशील’ असा रकाना आहे. संयोजकांची तक्रार तोंडी का होईना झालेली होती, म्हणून तो कोरा ठेवणे योग्य ठरले नसते. मी नाव न घालता लिहिले: “पहिल्या अंकाच्या शेवटी एक विद्यार्थी नाटकातील पात्राशी बोलला. पूर्वतयारी अपुरी होती. जबाबदारी भेटप्रमुखाची.”

मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचले. नाव का नाही असे विचारतील म्हणून मी उत्तर जुळवून ठेवले होते. त्यांनी विचारले, “काय बोलला?” मी सांगितले. ते स्वतः काटोलकडच्या शेतकरी घरातले आहेत. पेनाचे टोपण काढून ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “मग, विकले का शेवटी?”

विकले, असे मी सांगितल्यावर त्यांनी सही केली.